तडीपारीची एक फाइल: सोलापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण २०२३ चं. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि कायद्याचा भाग मात्र तसाच ठेवला आहे. मी सोलापुरात वकिली करतो आणि या प्रकरणात पहिल्या दिवसापासून होतो. म्हणून हे त्रयस्थ माणसाचं लेखन आहे असा दावा करत नाही.

ज्याच्यावर कारवाई झाली तो पूर्व भागातला यंत्रमाग कामगार. वय पन्नाशीच्या आसपास. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि कलबुर्गीच्या पाहुण्यांमुळे कामापुरती कन्नड. चादरीच्या मागावर तीस वर्षं काढलेली, बायको घरी विड्या वळते. भविष्य निर्वाह निधीसाठी त्याने कारखान्यांतल्या कामगारांना एकत्र केलं, दोन-तीन मोर्चे काढले. त्यातच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. वॉर्डात नगरसेवकच उरला नाही, तेव्हा तुंबलेली गटारं आणि अडलेली रेशनकार्डं घेऊन लोक याच्या दारात येऊ लागले. परिसरातल्या एका वजनदार नेत्याला हे खुपत होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्या नेत्याने कोणाला फोन केला का, याचा पुरावा माझ्याकडे कधीच नव्हता आणि आजही नाही. असा पुरावा बहुधा कोणाच्याच हाती लागत नाही. हाती लागतो तो कागद, म्हणून हा लेख कागदाबद्दलच आहे.

त्याच्यावर पाच गुन्हे नोंद होते. चार मोर्च्यांचे: बेकायदा जमाव, जमावबंदीचा भंग, अशा कलमांचे. पाचवा सरकारी कामात अडथळा आणल्याचा, जुन्या दंड संहितेच्या कलम ३५३ खालचा. तो न्यायालयात पडून होता. एकाही गुन्ह्यात शिक्षा झालेली नव्हती.

कायदा थोडक्यात

तडीपारीचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ मधून येतो. खटला न चालवता आणि गुन्हा शाबीत न होता माणसाला जिल्ह्याबाहेर, शेजारच्या जिल्ह्यांबाहेरही पाठवता येतं. कलम ५८ प्रमाणे जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. आदेश मोडून परत आलं तर तो वेगळा गुन्हा. एवढा मोठा अधिकार देण्यामागचं कारण खरं आहे: काही गुंडांची दहशत अशी असते की साक्षीदार कोर्टात उभा राहायला धजत नाही. सर्वोच्च न्यायालयाने गुरबचन सिंग प्रकरणात १९५२ मध्येच अशा तरतुदीला मान्यता दिली, तीही हेच कारण धरून.

पण याच कारणामुळे साक्षीदाराचं नाव झाकलेलं राहतं. त्याचा जबाब गोपनीय असतो, फाइलीत तो 'साक्षीदार अ', 'साक्षीदार ब' असतो, त्याची उलटतपासणी होत नाही. माणसाला फक्त आरोपांचं साधारण स्वरूप कळवायचं असतं. म्हणजे सगळी मदार अधिकाऱ्याच्या सचोटीवर. तो स्वतः विचार करून सही करत असेल तर कायदा नीट चालतो, नाहीतर बंदोबस्तासाठी केलेलं हत्यार कोणावरही रोखता येतं.

महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. अमरावतीच्या रहमत खान यांनी माहिती अधिकारात माहिती मागितली, तक्रारी केल्या आणि त्यांच्यावर तडीपारीचा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो रद्द केला. पुढे २०२२ मध्ये दीपक डोंगरे प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या निकालाने स्पष्ट केलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, त्यामुळे देशात मोकळं फिरण्याच्या मूलभूत हक्काला हात लागतो, आणि पूर्ण दोन वर्षांसाठी बाहेर काढायचं असेल तर दोन वर्षंच का, हे आदेशात दिसलं पाहिजे. आमचं प्रकरण उभं राहिलं तेव्हा हे दोन्ही निकाल सगळ्या ऑफिसांच्या कपाटात होते.

अडचण

फेब्रुवारीत कलम ५९ ची, म्हणजे आदेशाआधी आपली बाजू मांडायला सांगणारी, नोटीस आली. तिच्यासोबत दोन गोपनीय जबाबांचा गोषवारा होता. तो मी त्या रात्री तीनदा वाचला. अ आणि ब, दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या दिवशी जबाब दिलेले, आणि वाक्यं शब्दाला शब्द तीच. 'जिवे ठार मारण्याची धमकी दिल्याने आम्ही भयभीत झालो' यातल्या 'भयभीत'ला दोन्हीकडे पहिली वेलांटी दिलेली. एकाच जबाबाची नक्कल करून नाव बदललं होतं, हे समजायला वकील असावं लागत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून ठळक होती. साक्षीदार अ म्हणतो की सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास, निर्मनुष्य रस्त्यावर अडवून, त्याला चाकू दाखवला. ही यात्रा पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही. जबाबात लिहिलेला रस्ता नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीचा होता. त्या दिवशी, त्या वेळी तिथे पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. घरांच्या गच्च्यासुद्धा भरलेल्या असतात. वर्षातल्या ज्या एका सकाळी तो रस्ता निर्मनुष्य असणं शक्य नाही, नेमकी तीच सकाळ निवडली गेली होती.

मला अस्वस्थ केलं ते या ढिसाळपणाने. खोटं काळजीपूर्वक रचलेलं असतं तर निदान आपल्याला कोणी तपासेल अशी भीती त्यामागे दिसली असती. इथे ती भीतीच नव्हती. हा कागद चार टेबलांवरून जाईल, चार सह्या होतील आणि कोणीही वाचणार नाही, असा भरवसा होता. तो भरवसा कुठून आला, हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे.

काही उत्तर आमच्या बाररूममध्येच होतं. पहिल्या आठवड्यात मी तीन ज्येष्ठांकडे गेलो. एकाने कागद वाचून 'उघड खोटं आहे' म्हणून कबूल केलं आणि वकालतपत्रावर नाव घालायला नकार दिला. मुलगा नुकताच सरकारी वकिलांच्या पॅनेलवर लागला होता. दुसऱ्याने तब्येतीचं सांगितलं. तिसऱ्याने मला बसवून चहा पाजला आणि म्हणाला, 'हे बघ, तडीपारी म्हणजे जन्मठेप नव्हे. सहा महिने कलबुर्गीला राहील, निवडणूक झाली की येईल. कशाला वाढवतोस?' या तिघांबद्दल माझ्या मनात राग नाही. तिघांनीही आपापल्या काळात धाडसाची कामं केली आहेत. पण कोणी धमकी दिलेली नसताना तीन चांगले वकील मागे सरले, आणि प्रत्येकाकडे समजण्यासारखं कारण होतं. दबाव असाच काम करतो. त्याला प्रत्येक दारावर थाप मारावी लागत नाही.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग गप्प राहण्याचा. नोटिशीला थातूरमातूर उत्तर द्यायचं, मोर्चे बंद करण्याची तोंडी हमी मधल्या माणसामार्फत पोचवायची, की प्रस्ताव आपोआप थंड होईल. असा निरोप खरंच आला होता. कार्यकर्त्याने बायकोला विचारलं. ती विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती, पान कापणं न थांबवता म्हणाली, 'हमी कशाची द्यायची? आपण काय केलंय?' तो मार्ग तिथे संपला.

दुसरा मार्ग वर्तमानपत्रात जाण्याचा. कामगार संघटनेतल्या तरुणांना तोच हवा होता. मी विरोध केला. चौकशी चालू असताना गाजावाजा झाला तर चौकशी अधिकाऱ्याला मोकळेपणाने लिहिणं अवघड होईल, असं मला वाटलं. हा निर्णय बरोबर ठरला, पण तेव्हा मला तशी खात्री अजिबात नव्हती.

तिसरा मार्ग सगळ्यात कठीण होता. एका संध्याकाळी ऑफिस बंद करताना एक दुकानदार आला, दाराला आतून कडी घातली आणि उभ्यानेच बोलला. त्याला संशय होता की 'साक्षीदार ब' तोच आहे. यात्रेच्या बंदोबस्ताबद्दल विचारायचंय म्हणून बोलावलं होतं, दोन कागदांवर सह्या घेतल्या, त्यावर काय लिहिलं ते त्याने वाचलं नव्हतं. 'मी असं काही बोललो नाही, वकीलसाहेब. तो माझ्याकडे उधारीवर साखर नेतो आणि पगार झाला की पैसे देतो.' प्रतिज्ञापत्र द्यायची त्याची तयारी होती.

ते प्रतिज्ञापत्र आमच्या हातात आलं असतं तर प्रस्ताव जागच्या जागी कोसळला असता, असं कोणालाही वाटेल. मी दोन दिवस विचार केला. नाव उघड झालं की त्याच्या दुकानाचा परवाना, अतिक्रमणाची नोटीस, वजनमापाची तपासणी, काहीही निघू शकलं असतं. त्याला संरक्षण देण्याची माझी कुवत नव्हती. शिवाय गोपनीय साक्षीदाराला आम्हीच फोडलं, असा उलटा आरोप अशिलावर आला असता आणि प्रस्तावातलं दहशतीचं चित्र आमच्याच हाताने पूर्ण झालं असतं. मी त्याच्याकडून त्याच्याच शब्दांत एक कागद लिहून घेतला, पाकिटात घातला आणि कपाटात ठेवला. वापरायचा नाही असं ठरवून.

काय केलं

उत्तर आठ पानांचं दिलं. त्यात तीन मुद्दे होते. कलम ५६ च्या ज्या भागाखाली प्रस्ताव होता, तो बळाचा किंवा हिंसेचा वापर असलेल्या गुन्ह्यांबद्दल आणि दंड संहितेच्या बाराव्या, सोळाव्या आणि सतराव्या प्रकरणातल्या गुन्ह्यांबद्दल बोलतो, म्हणजे खोटी नाणी आणि मुद्रांक, शरीराविरुद्धचे आणि मालमत्तेविरुद्धचे गुन्हे. मोर्च्यांचे चारही गुन्हे त्यात बसत नव्हते. उरला फक्त ३५३, तोही न्यायप्रविष्ट आणि जुना. दुसरा मुद्दा दोन्ही जबाबांच्या सारखेपणाचा. तिसरा यात्रेचा, मिरवणुकीच्या मार्गाचं जाहीर झालेलं वेळापत्रक जोडून.

उत्तर द्यायला गेलो तेव्हा आवक विभागात पोच मिळेना. 'ठेवून जा, साहेब बघतील.' मी बाकावर बसलो. साडेतीनपासून सव्वापाचपर्यंत. शेवटी टेबलावरच्या कारकून बाई स्वतःच उठल्या, रजिस्टर ओढलं, आठही पानं मोजली, जोडपत्रं वेगळी मोजली, आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून क्रमांक, तारीख आणि 'जोडपत्रांसह एकूण १४ पाने' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. पानांची संख्या लिहायची त्यांना सक्ती नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. ही नोंद पुढे किती उपयोगी पडली ते खाली येईलच.

चौकशी अधिकाऱ्याने अशिलाला समोर बसवून तासभर ऐकून घेतलं, दोन बचाव साक्षीदार तपासले. ते कोरडे होते, नियमात होते. त्यांनी अहवालात काय लिहिलं हे आम्हाला कळण्याचा मार्ग नव्हता.

एप्रिलच्या अखेरीस आदेश आला. दोन वर्षं, सोलापूरसह चार जिल्हे. आठ पानी उत्तराबद्दल आदेशात एकच ओळ होती: 'सामनेवाले यांनी समाधानकारक खुलासा केलेला नाही.' त्याला जीपमध्ये बसवून कर्नाटकच्या हद्दीवर सोडलं. मुलीचा दहावीचा निकाल त्याने कलबुर्गीत पाहुण्याच्या फोनवर पाहिला.

कलम ६० प्रमाणे तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. बाराव्या दिवशी अपील दाखल केलं, स्थगितीचा अर्जही दिला. स्थगितीवर सुनावणीच लागेना. तारखेला आम्ही जायचो, 'साहेब दौऱ्यावर' असं कळायचं. सात आठवडे गेले. अपील फेटाळलं असतं तर निदान पुढे जाता आलं असतं. निर्णयच न देणं ही सगळ्यात स्वस्त शिक्षा आहे, तिच्यावर कोणाची सही नसते. शेवटी अपील प्रलंबित असतानाच उच्च न्यायालयात रिट, म्हणजे आदेशाला थेट आव्हान देणारी याचिका, दाखल करायचं ठरलं. तेव्हा सोलापूरकरांना मुंबईच गाठावी लागायची. कामगारांनी वर्गणी काढली, दहा-दहा, वीस-वीस रुपयांची, आणि मी कागदांची पिशवी उशाला घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो.

मुंबईतल्या वकीलबाईंनी फाइल वाचून माझा आवडता मुद्दाच काढायला सांगितला. 'यात्रेचं मला पटतं. पण रिटमध्ये कोर्ट पुरावा तोलत बसणार नाही. तुम्ही चाकू नव्हता म्हणाल, सरकार होता म्हणेल, आणि प्रकरण तिथेच अडकेल.' आमची बराच वेळ वादावादी झाली. शेवटी कायद्याचे मुद्दे पुढे ठेवले: गुन्हे कलमात बसत नाहीत, दोन वर्षांना कारण नाही, गुन्हे एका पोलीस ठाण्याच्या हद्दीतले आणि बंदी चार जिल्ह्यांची, उत्तराचा विचारच नाही. यात्रेचा मुद्दा एका परिच्छेदापुरता राहिला. त्यासोबत एक मागणी केली: मूळ फाइल न्यायालयाने मागवावी.

निकाल

सरकारी बाजूने आधी सांगितलं की वेळापत्रक उत्तरासोबत जोडलेलंच नव्हतं. आमच्या प्रतीवरच्या शिक्क्याशेजारी लिहिलेलं होतं, 'जोडपत्रांसह एकूण १४ पाने'. तो वाद तिथेच मिटला.

मग मूळ फाइल आली आणि तिच्यात चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल निघाला. त्यांनी लिहिलं होतं की पाचपैकी चार गुन्हे आंदोलनाचे आहेत. घटनेच्या दिवशी आणि वेळी संबंधित मार्गावर यात्रेचा बंदोबस्त होता, आपण स्वतः त्या बंदोबस्तावर हजर होतो, आणि तिथे मोठी गर्दी होती. तडीपारीऐवजी चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेणं पुरेसं होईल, अशी शिफारस त्यांनी केली होती. अंतिम आदेशात या अहवालाचा उल्लेखही नव्हता. जो मुद्दा रिटमध्ये मांडू नये असं आमचं ठरलं होतं, तो सरकारच्याच फाइलीतून न्यायालयापुढे आला.

आदेश रद्द झाला. निकाल छोटा होता: आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याने चौकशीचा अहवाल विचारात घेतलेला नाही, दोन वर्षांना कारण दिलेलं नाही, डोंगरे प्रकरणातला दंडक पाळलेला नाही. खोट्या जबाबांबद्दल न्यायालय काही बोललं नाही. कोणावर जबाबदारी आली नाही. ज्या दिवशी तो सोलापूर स्टेशनवर उतरला त्या दिवशी तडीपारीला साडेपाच महिने झाले होते.

एवढ्या काळात कामगारांची बैठक बंद पडली होती. ज्यांच्या नावावर भविष्य निर्वाह निधीचे दावे होते त्यातल्या बऱ्याच जणांनी ते मागे घेतले. आदेश रद्द झाला, पण ज्या कामासाठी तो काढला गेला असा माझा समज आहे ते काम बरंचसं झालं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

अपिलात सात आठवडे घालवले ही माझी चूक. अपिलाची सोय आहे म्हणून न्यायालय आधी तिकडे पाठवेल या धास्तीने मी थांबलो. स्थगितीचा अर्ज दोन तारखांना ऐकला गेला नाही, तेव्हाच रिट टाकायला हवं होतं. तो काही आठवडे लवकर घरी आला असता. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर त्याखाली आलं, त्यामुळे अशा कामासाठी आता मुंबईची रात्र काढावी लागत नाही. अंतर कमी झाल्याने नव्या वकिलांनी थांबण्याची ही चूक करायचं कारण उरलेलं नाही.

दुसरी चूक मोठी. खोट्या जबाबांची चौकशी व्हावी अशी स्वतंत्र मागणी मी केली नाही. अशील सुटला, मी दमलो होतो, आणि दुकानदाराचं नाव बाहेर येईल ही भीती होतीच. त्यामुळे ज्या हाताने ती नक्कल केली तो हात आजही तिथेच आहे. नाव झाकून निदान त्या दोन जबाबांची तुलना न्यायालयाला करून दाखवता आली असती. बंद पाकिटाची सोय सरकार वापरतं, तशी ती आम्हीही मागू शकलो असतो. हे मला सुचलं नाही.

बाररूमबद्दल मला अजून उत्तर सापडलेलं नाही. आणीबाणीत बऱ्याच उच्च न्यायालयांनी, आपल्या मुंबईच्याही, स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याचा अधिकार सोडला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने तो काढून घेतला. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले, आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं. २०१७ मध्ये तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला गेला. हा इतिहास आम्ही व्याख्यानांत सांगतो. सोलापुरात तर १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्या पुतळ्यांना हार घालताना १९३० च्या मार्शल लॉची आठवण निघतेच. २०२३ च्या जानेवारीत हार घालायला आमचा कार्यकर्ताही होता, आणि मी ज्या तीन ज्येष्ठांकडे गेलो त्यातले दोघेही. माझं एवढंच म्हणणं आहे की वकालतपत्रावर एकट्याने नाव घालणं जड जात असेल तर पाच जणांनी मिळून घालावं. पाच नावांमधलं एक वेचून काढणं कोणालाही सोपं नसतं. मी तेव्हा एकेकाच्या दारात वेगवेगळा गेलो. तिघांना एका टेबलावर बसवायला हवं होतं.

चौकशी अधिकाऱ्यांची त्याच वर्षी बदली झाली. ती नेहमीची होती की या अहवालामुळे, मला माहीत नाही. आवक विभागातल्या बाई अजून त्याच टेबलावर आहेत. मी कागद घेऊन गेलो की न सांगता पानं मोजतात.

दुकानदाराचं पाकीट माझ्या कपाटात आहे. निकालानंतर ते त्याला परत द्यायला गेलो होतो. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मी काडेपेटी घेतली आणि परत आलो. कार्यकर्ता आजही त्याच्याकडूनच साखर नेतो. साक्षीदार ब कोण होता, हे त्याने मला कधी विचारलेलं नाही.